साडेसहाशे रुपयांचा डबा



मागच्या दोन लेखांत उन्हाळी वाळवणं झाली, डाळींना लागणारी कीड झाली. आज एकदम कॉम्प्युटरमधल्या एका पत्र्याच्या डब्यावर लिहायला घेतलंय म्हटल्यावर काहीजणी इथूनच मागे फिरतील. फिरू नका. ज्या घरात टेबलावरचा कॉम्प्युटर आहे आणि त्यात कुणाचा ना कुणाचा हिशेब आहे, त्या घरातल्या बाईने हे वाचावं असं मला वाटतं. मी वाचलं नव्हतं, विचारलं नव्हतं, म्हणून सोळा बायकांसमोर मान खाली घालायची वेळ आली.

आमचा कॉम्प्युटर २०१४ सालचा. दुकानाच्या कामासाठी ह्यांनी घेतला होता. दुकान बंद केल्यावर तो माझ्याकडे आला, आणि मी त्यावर आमच्या बचत गटाचा हिशेब ठेवायला लागले. सोळाजणी, महिन्याला पाचशे रुपये, त्यातून अंतर्गत कर्ज, त्याचं व्याज. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली तरी नावे-जमा विसरले नव्हते, ते या गटाच्या निमित्ताने पुन्हा हाताला आलं. खोटं कशाला सांगू, महिन्याच्या दहा तारखेला सगळ्या ओळी जुळल्या की मला जेवणाहून जास्त समाधान होतं.

२०२४ च्या आषाढात एके दिवशी बटण दाबलं तर काहीच नाही. पंखा नाही, दिवा नाही. मुलाला पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "आई, अकरा वर्षं होत आली, टाकून दे आता. लॅपटॉप घेऊन देतो." हे म्हणाले, "अगं, दुरुस्तीवाल्याला बोलाव, तो बघेल." दुरुस्तीवाला आला, त्याने मागचा डबा काढला, नाकाशी नेला, आणि म्हणाला, "काकू, एसएमपीएस गेला. साडेसहाशेत नवीन बसवतो." मी म्हटलं, बसव बाबा. कुठला, कसला, किती ताकदीचा, एक अक्षर विचारलं नाही. भाजीवाल्याकडे मेथीची जुडी दोनदा उलटीसुलटी करून बघणारी मी!

तो डबा आठ महिने चालला.

मार्चअखेर होती. गटाचा वर्षाचा ताळेबंद करायला बसले होते. लाईट गेली, आली, परत गेली, आणि परत आली तेव्हा मागून फट्‌ असा आवाज झाला, जळक्या वायरचा वास आला. या वेळी दुरुस्तीवाल्याने नाक न लावताच सांगितलं. डबा गेला होताच, पण जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही घेऊन गेला होता. पेनड्राइव्हवर मी शेवटची प्रत दिवाळीत काढली होती. दिवाळी ते मार्च, साडेचार महिन्यांचे व्यवहार त्या डिस्कमध्ये. डिस्कमधला मजकूर काढून देणाऱ्याने अठरा हजार सांगितले, तेही "मिळेलच असं नाही" म्हणून. एवढे पैसे गटाच्या खात्यातून काढायचा मला काय अधिकार?

मग बसलो आम्ही. सगळ्यांची पासबुकं, बँकेच्या भरण्याच्या पावत्या, माझ्या कॅलेंडरवरच्या पेन्सिलीच्या खुणा. पंधरा दिवसांत जवळजवळ सगळं जुळलं. जुळला नाही तो एका वहिनींचा जानेवारीचा हप्ता. त्या म्हणाल्या, लग्नात तुमच्या हातात दिला, पासबुक घरी होतं. बँकेत त्या महिन्यात भरणा साडेसात हजारांचा. म्हणजे पंधराजणींचा. मला मात्र अंधुक आठवतं की कॉम्प्युटरमध्ये सोळा नावांपुढे खूण होती, आणि पाचशे रुपये मी कुणाला तरी कर्जाच्या हिशेबात रोख दिले होते. अंधुक आठवणं म्हणजे नोंद नव्हे, हे माझ्याइतकं कुणाला कळणार. मी स्वतःचे पाचशे भरून ओळ बंद केली. त्याने वहिनी आणखी दुखावल्या. "म्हणजे मी दिले नाहीत असंच ना?" त्या अजून गटात येतात, पण आधी माझ्या शेजारी बसायच्या, आता दाराशी बसतात.

तेव्हा हा डबा म्हणजे काय, हे मला साठी उलटल्यावर शिकावं लागलं. शिकताना जे कळलं ते तुम्हाला सांगते, आणि माझं मतही सांगते.

आपल्या भिंतीतून वीज येते २३० व्होल्टची, आणि ती सेकंदाला पन्नास फेऱ्या उलटसुलट होणारी. कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना हवी असते १२, ५ आणि ३.३ व्होल्टची, एकाच दिशेने जाणारी, अगदी स्थिर वीज. हे काम एसएमपीएस करतो. कॉम्प्युटरमध्ये जे काही विजेवर चालतं ते सगळं या एका डब्यातून जेवतं. स्वयंपाकघरात एकच गॅस आणि त्यावर सगळ्यांचा स्वयंपाक, तसं. म्हणून तो नुसता बंद पडला तर फार बिघडत नाही, दुसरा आणता येतो. बिघडतं ते तो वेडंवाकडं वाढायला लागतो तेव्हा. पाचाच्या जागी सात-आठ व्होल्ट गेले की मदरबोर्डचं आणि डिस्कचं काय होतं ते मी बघितलं. चांगल्या डब्यात यासाठी आतच पहारा असतो. व्होल्ट ठरल्यापेक्षा वाढले, प्रवाह जास्त खेचला गेला, कुठे शॉर्ट झालं, तर तो स्वतः बंद पडतो आणि बाकीच्यांना वाचवतो. स्वस्त डब्यात पैसे वाचवायला पहिल्यांदा काढून टाकतात ते हेच, कारण वरून ते दिसत नाही.

आता तो मेलेला साडेसहाशेचा डबा मी फेकला नव्हता. चष्मा लावून त्याच्यावरचं लेबल वाचलं, आणि मला माझाच राग आला. कारण ते लेबल म्हणजे सरळ सरळ एक खतावणीचं पान आहे, आणि ते वाचता न येण्याचं मला काही कारण नव्हतं.

वर मोठ्या अक्षरांत ४५०. बघणाऱ्याला वाटावं साडेचारशे वॅट. नीट बघितलं तर त्या ४५० च्या पुढे वॅट हा शब्दच नव्हता, ते नुसतं मॉडेलचं नाव! खाली कोष्टक. १२ व्होल्टखाली १२ अँपिअर. ५ व्होल्टखाली १५. ३.३ व्होल्टखाली १४. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हे शाळेतलं. बारा बारे एकशे चव्वेचाळीस, पाच पंधरे पंचाहत्तर, आणि ३.३ गुणिले १४ म्हणजे सेहेचाळीस. बेरीज २६५. ती सुद्धा सगळ्या खात्यांवर एकाच वेळी पूर्ण भार टाकता आला तर, आणि तसा तो सहसा टाकता येत नाही, म्हणून चांगल्या डब्यावर ५ आणि ३.३ मिळून जास्तीत जास्त किती, असा आणखी एक रकाना असतो. आजकालच्या कॉम्प्युटरमध्ये बहुतेक सगळा भार १२ व्होल्टवर पडतो. प्रोसेसर, पंखे, डिस्कची मोटर, ग्राफिक्स कार्ड असेल तर तेही. म्हणजे माझ्या "साडेचारशे"च्या डब्याची खरी कामाची मिळकत होती १४४ वॅट.

नंतर मी जो घेतला त्याच्यावर ४५० वॅट असं स्वच्छ लिहिलंय, आणि १२ व्होल्टखाली ३६ अँपिअर. बारा गुणिले छत्तीस म्हणजे ४३२. एकूण ४५० पैकी ४३२ एकट्या १२ व्होल्टवर मिळू शकतात. दोन्ही डबे शेजारी ठेवले तर बाहेरून भावंडं. मैत्रिणींनो, दुकानात उभं राहून एवढा एक गुणाकार करा. मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर असतोच. १२ व्होल्टचा गुणाकार वरच्या मोठ्या आकड्याच्या आसपास येत नसेल तर तो डबा परत ठेवा. सगळ्या सल्ल्यांतला मला हा एकच सल्ला द्यायला सांगितला तर मी हाच देईन.

बरं, लागतात किती वॅट? इथे उलटी फसवणूक असते. दुसऱ्यांदा मी स्वतः दुकानात गेले. दुपारीच गेले, संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताच्या आत उरकायचं असतं, त्यामुळे माझ्या सगळ्या खरेद्या भर उन्हात होतात. दुकानदाराने आधी मला बघून दोन मिनिटं ह्यांच्याशीच बोलणं केलं. मग म्हणाला, "काका, साडेसातशे वॅटचा घ्या, बघायला नको परत." मी पिशवीतून कागद काढला. घरी आकडेमोड करून नेली होती. आमचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा आय-थ्री, त्याचा कंपनीने दिलेला आकडा ५४ वॅट. मदरबोर्ड आणि मेमरी मिळून तीस-पस्तीस. हार्ड डिस्क चालताना सात-आठ, पण सुरू होताना क्षणभर वीस-पंचवीस. डीव्हीडीचा ड्राइव्ह, जो मी वर्षातून एकदा वापरते, तो पंधरा-वीस. पंखे पाच. सगळे एकदम कामाला लागले तरी दीडशेच्या आत. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मग साडेसातशे घेऊन मी काय करू? चार माणसांच्या घरात पन्नास माणसांचं पातेलं चढवल्यासारखं. तीनशे पुरला असता, पण चांगल्या प्रतीचा तीनशेचा तिथे नव्हता, म्हणून साडेचारशे. तुमच्या नातवाला गेम खेळायला ग्राफिक्स कार्ड घालायचं असेल तर गणित बदलतं. त्या कार्डाला कधीकधी एकट्याला दीडशे-दोनशे वॅट लागतात आणि डब्यातून त्याच्यासाठी सहा किंवा आठ टाचण्यांची वेगळी वायर यावी लागते. तेव्हा कार्डाच्या खोक्यावर काय लिहिलंय ते वाचून घ्या. माझ्यासारखीला, म्हणजे हिशेब, फोटो, प्रवचनं ऐकणं, नातवंडांशी व्हिडिओवर बोलणं, एवढंच असणाऱ्या बहुतेकींना चांगला साडेचारशेचा डबा भरपूर झाला.

माझं मत असं की पैसे असतील तेवढे प्रतीवर घाला, वॅटवर घालू नका. सातशे रुपयांत "सातशे वॅट" देणाऱ्यापेक्षा तीन हजारांत चारशे देणारा जास्त देतो.

आता ८० प्लसबद्दल. खोक्यावर पांढरा, ब्रॉन्झ, गोल्ड असे शिक्के असतात. ही २००४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली प्रमाणपत्रं. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती टक्के खरोखर आत पोचते आणि किती उष्णता होऊन वाया जाते, एवढंच ती सांगतात. ११५ व्होल्टच्या चाचणीत ब्रॉन्झला निम्म्या भारावर ८५ टक्के आणि वीस टक्के व पूर्ण भारावर ८२ टक्के पोचवावे लागतात. गोल्डला ९० आणि ८७. विक्रेता सांगतो, गोल्ड घ्या, बिलात वसूल होईल. मी ते मांडून बघितलं. माझा कॉम्प्युटर आत साठेक वॅट खातो असं धरू. सत्तर टक्केवाला डबा असेल तर भिंतीतून ८६ वॅट जातील, ऐंशी टक्केवाला असेल तर ७५. फरक ११ वॅटचा. रोज पाच तास, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे पंधराशे तास. साडेसोळा युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर १६५ रुपये, वर्षाला. हा फरक निकृष्ट आणि ब्रॉन्झ यांच्यातला. ब्रॉन्झ आणि गोल्ड यांच्यातला त्याहून कमी. हजार-दीड हजार जास्त देऊन गोल्ड घेतला तर ते वसूल व्हायला मला बरीच पुण्याई लागेल. ज्यांचा कॉम्प्युटर दिवसभर जड काम करत चालतो त्यांची गोष्ट वेगळी. घराला ब्रॉन्झ पुरे.

पण शिक्का मुळीच नसलेला घेऊ नका. शिक्का असला म्हणजे आतला पहारा चांगलाच असं होत नाही, ते दोन वेगळे विषय. तरी ज्याने तेवढी चाचणी करून घेतली त्याने अगदीच रिकामा डबा विकायला काढलेला नसतो. शिक्क्यासारखे दिसणारे शिक्केही असतात, नुसतं "८५ प्लस" वगैरे छापलेले, त्यांना भुलू नका. आपल्याकडे बीआयएसची खूण आणि तिच्याजवळ आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का तेही बघा. माझ्या साडेसहाशेच्या डब्यावर त्या जागी नुसती एक सुंदर चांदणी होती.

कुठल्या कंपनीचा घेतला हे मी लिहिणार नाही, विचारूही नका. एक तर मला जाहिरात करायची नाही. दुसरं म्हणजे बऱ्याच नावाजलेल्या कंपन्या हे डबे दुसऱ्यांकडून बनवून घेतात. त्यामुळे एकाच नावाचा एक डबा सोन्यासारखा आणि दुसरा जेमतेम, असं होतं. नावापेक्षा लेबल, हमी आणि पक्कं बिल बघा. मला पाच वर्षांची हमी मिळाली. आणि हमीचा कागद वाचून घ्या. डबा गेला तर डबा मिळतो, त्याच्यामुळे जळलेली डिस्क मिळत नाही, आणि डिस्कमधला हिशेब तर कुणीच देत नाही.

हे सगळं २,९०० रुपयांत झालं. ह्यांनी दुकानातच भुवया उंचावल्या, "साडेसहाशेच्या जागी एकोणतीसशे?" घरी येऊन मी त्यांना कागदावर दाखवलं. साडेसहाशेचा डबा, चोवीसशेचा जुना मदरबोर्ड, बत्तीसशेची डिस्क. सहा हजार दोनशे पन्नास. भागिले आठ महिने. एकोणतीसशे भागिले साठ महिने. त्यांनी चहा मागितला.

आता घेण्याआधीच्या दोन-तीन गोष्टी, ज्या मला कुणी सांगितल्या नव्हत्या.

कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हणजे एसएमपीएसच गेला असं नाही. आधी भिंतीतल्या त्याच बोर्डात मिक्सर किंवा टेबल लॅम्प लावून बघा. यूपीएस बाजूला काढून थेट जोडून बघा. मागचं छोटं बटण चालू आहे का बघा (हसू नका, झाडू मारताना ते बंद होतं). दुरुस्तीवाले जाड पिनेत हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरतो का दाखवतात. पंखा फिरला तर डबा जिवंत आहे एवढंच कळतं, भार पेलेल की नाही ते त्यातून कळत नाही. आणि डबा स्वतः उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट काही काळ राहू शकतात. घरातल्या हौशी मुलांना हे दटावून सांगा.

कंपनीचा तयार जोडलेला कॉम्प्युटर असेल तर त्यातला डबा बऱ्याचदा वेगळ्या आकाराचा किंवा वेगळ्या जोडणीचा असतो. साध्या एटीएक्स डब्याची रुंदी १५० मिलिमीटर आणि उंची ८६, लांबी कमीजास्त. जुना डबा काढून शिवणाच्या टेपने मापा, वायरींचे फोटो घ्या, मग दुकानात जा. ब्लाउजपीस घेताना साडी बरोबर नेतो ना? सुट्या वायरींचा डबा असेल तर जुन्या डब्याच्या वायरी नव्याला चुकूनही लावू नका. तोंडं बसतात, आतली रचना वेगळी असते, आणि मग जळतं.

आमच्याकडे आणखी एक निघालं. कॉम्प्युटरच्या पत्र्याला अनवाणी हात लावला की झिणझिण्या यायच्या. वर्षानुवर्षं मी ते "थोडा करंट येतो" म्हणून सोडून देत होते. नवीन डबा बसवला तरी येतच राहिल्या. वायरमनने बोर्ड उघडला तर अर्थिंगची वायर लोंबत होती. तिसऱ्या जाड पिनेचा उपयोगच होत नव्हता. या डब्यांच्या तोंडाशी जो फिल्टर असतो त्याची किंचित गळती अर्थिंगमधून जमिनीत जायची असते. अर्थिंग नसलं की ती पत्र्यावर येऊन बसते. गळती लहान असली तरी अर्थिंग नसलेल्या घरात दुसरं काही बिघडलं तर ते लहान राहत नाही. जुन्या वाड्यातल्या मैत्रिणींनी आधी हे तपासा, डबा नंतर.

यूपीएसचंही तसंच. त्यावर ६०० व्हीए लिहिलेलं असतं, आणि बारीक अक्षरांत ३६० वॅट. एक ढोबळ, एक निव्वळ. आपल्या कामाचा दुसरा. शिवाय काही चांगल्या डब्यांना साध्या यूपीएसची बॅटरीवरची वीज मानवत नाही, लाईट गेली की यूपीएस असूनही कॉम्प्युटर बंद होतो. घेताना दुकानदाराकडून कबूल करून घ्या की तसं झालं तर बदलून देणार.

आणि एक गोष्ट मला लिहावीशी वाटते, जरी ती सांगताना अजून वाईट वाटतं. पहिला, मूळचा डबा गेला तेव्हा दुरुस्तीवाल्याने कॅबिनेट उघडलं, तर आत एक पाल मरून पडली होती. मागच्या बाजूच्या दोन पट्ट्या कधीतरी काढून परत लावल्याच नव्हत्या. उबेला म्हणून जीव आत शिरतात. पाल, झुरळं, मुंग्या. त्यांचाही जीव जातो आणि यंत्राचाही. चूल पेटवताना लाकूड आपटून घेणाऱ्या सासूबाईंच्या घरातली मी, आणि माझ्या टेबलाखाली हे. आता त्या पट्ट्या बसवून घेतल्या आहेत, आठवड्याला बाहेरून मऊ ब्रशने धूळ झाडते. हवेची जाळी मात्र झाकायची नाही, डबा तापतो.

मुलाचं म्हणणं अजून तेच आहे, कशाला जुन्यात पैसे घालतेस. त्याचा एक मुद्दा मला मान्य आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि आमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. म्हणजे हा कॉम्प्युटर काही कायमचा नाही. पण डबा वाया जात नाही. उद्या मदरबोर्ड आणि प्रोसेसर नवे घेतले तरी हाच डबा त्यांना वीज देईल, तो त्याच मापाचा आणि त्याच जोडण्यांचा आहे. तेव्हा त्याची किंमत या जुन्या पेटीवर मांडायची नाही, पुढच्यावरही मांडायची. चालू शकणारी वस्तू एका भागासाठी भंगारात टाकणं आणि घरात नवीन आणणं, हे मला पटत नाही. साठवण जेवढी कमी तेवढं बरं, हे आपण ऐकत मोठ्या झालो. मेलेले डबे मात्र ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचे नाहीत. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत ठिकाणी द्यायचे असतात. माझ्याकडे दोन साठले आहेत, कपाटावर, वर्तमानपत्रात गुंडाळून.

आणि हिशेबाची प्रत आता दर दहा तारखेला दोन पेनड्राइव्हवर निघते. एक माझ्याकडे, एक गटाच्या अध्यक्षांकडे. शिवाय महिन्याचं एक पान छापून सोळाजणींच्या सह्या घेते. सह्या घ्यायची कल्पना त्या दाराशी बसणाऱ्या वहिनींची. चांगली आहे, मीच आधी करायला हवी होती.

परवा त्यांच्याच सुनेचा मेसेज आला. त्यांच्या नातवाच्या कॉम्प्युटरला नवीन एसएमपीएस आणलाय, लेबलचा फोटो, आणि खाली नुसतं, "सासूबाई म्हणाल्या तुम्हाला विचार." मोठ्या अक्षरांत ५००. बारा व्होल्टखाली सोळा अँपिअर. मी लिहिलं, बसवू नका, आणि फोन केला. फोन वहिनींनी उचलला. दुकानदार परत घेत नाही म्हणतोय, बिलही दिलेलं नाही. उद्या दुपारी दोन वाजता आम्ही दोघी जाणार आहोत. मी लेबलाचा हिशेब कागदावर लिहून ठेवलाय. वहिनी म्हणाल्या, बोलेन मी, तुम्ही फक्त आकडे दाखवा.